डावा पट्टा, मोहरबंद नमुन्याप्रमाणे

कलम १. वस्तू : पिठ्ठू (पाठीवरची पिशवी), लहान, कॅनव्हासचा, हिरवा. नग : अठराशे. वापर : राखीव पलटणींसाठी.

राखीव पलटणी म्हणजे कोण, हे मुलुंडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये एकट्या सहदेवला ठाऊक होतं, कारण तो स्वतःच त्यातला होता. आठवड्याचे सहा दिवस तो रतनशेठच्या कॅनव्हासच्या कारखान्यात मास्तर. ताडपत्री कापायची, ट्रकची छपरं शिवायची, चौदा मशीनवरच्या चौदा माणसांवर ओरडायचं. सातव्या दिवशी टेरिटोरियल आर्मीचा शिपाई. रविवारी सकाळी गणवेश चढवायचा, परेड करायची, रायफल पुसायची आणि वर्षातून एकदा घाटावर चौदा दिवसांच्या शिबिराला जायचं. लढाई लागली की सरकार बोलावणार. लागेपर्यंत सरकारने यांची आठवण ठेवायचं काही कारण नव्हतं, आणि ती कोणी ठेवलीही नव्हती.

त्याची बायको मालन त्याला ‘रविवारचो शिपाई’ म्हणायची. देवगडकडची बाई, बोलताना हात राखणार कशाला.

भरती होताना साहेबाने पहिला प्रश्न विचारला होता, नोकरी आहे का? कारण बेकाराला तिथे घेत नाहीत. देशासाठी मरायचं तर आधी पोटापाण्याची स्वतःची सोय हवी, असा नियमच आहे. सहदेव गिरणीच्या संपात बेचाळीस महिन्यांची नोकरी घालवून—

नाही, तो वेगळा विषय.

खऱ्या पलटणींनी वापरून, झिजवून, फाडून टाकलेलं सामान यांच्याकडे यायचं. सहदेवच्या पिठ्ठूवर तीन जुन्या मालकांचे नंबर एकावर एक रंगवलेले होते. तळ सुटला होता तो त्याने ताडपत्रीच्या तुकड्याने शिवला होता. पलटणीतला त्याचा जोडीदार दशरथ नाहूरला दूधकेंद्र चालवायचा. तो म्हणायचा, “सहदेवा, ह्या पिठ्ठूने आपल्यापेक्षा जास्त लढाया बघितल्यात रे. पेन्शन दे त्याला.”

त्यामुळे राखीव पलटणींसाठी नव्या पिठ्ठूंचं काम आपल्याच शेडला मिळालं, हे कळल्यावर सहदेवला जो आनंद झाला तो त्याने कोणाला दाखवला नाही. आपण शिवायचं आणि आपल्याच पाठीवर यायचं. अशी संधी कुठल्या शिंप्याला मिळते?

कलम २. थैली : चौदा इंच उंच, अकरा इंच रुंद.
कलम ३. टाके : इंचाला आठ. दोरा हिरवा.
कलम ४. पट्टे : दोन.

बस. दोन. किती लांब, ते नाही. ज्या कारकुनाने बकलाच्या पितळेचा कस लिहिला, टाके मोजून लिहिले, दोऱ्याचा रंग लिहिला, तो पट्ट्यापाशी आला आणि त्याची जेवणाची सुट्टी झाली असावी.

पण सरकारकडे अशा भुकेलेल्या कारकुनांवरही इलाज असतो.

कलम १७. वर ज्या बाबींचा उल्लेख नाही त्या बाबतीत माल तंतोतंत मोहरबंद नमुन्यासारखा असावा.

मोहरबंद नमुना म्हणजे काय, तर ठेकेदाराने टेंडरबरोबर एक पिठ्ठू शिवून द्यायचा. ऑफिसला पसंत पडला की त्याला सुतळी बांधतात, सुतळीला शिशाची गोळी, गोळीवर ठसा, वर लाख, लाखेशेजारी सही. त्यानंतर तो पिठ्ठू राहत नाही. देव्हाऱ्यातला टाक होतो. त्याच्यात काही भरायचं नाही, तो पाठीला लावायचा नाही. कपाटात ठेवायचा आणि बाकीच्या पिठ्ठूंना त्याच्यापुढे उभं करायचं.

तो नमुना सहदेवनेच शिवला होता. पंच्याऐंशीच्या मे महिन्यात.

पट्ट्यांसाठी जाड विणीची पट्टी लागते. रतनशेठने ती बाजारातून आणली ती पेढे आणावेत तशी, चाखायपुरती. सहदेवने उजवा पट्टा तीस इंच कापला. उरलेली पट्टी मोजली तर साडेसत्तावीस.

“शेठ, डावा आखूड येतोय. अजून वारभर पट्टी लागेल.”

“अरे मास्तर, नमुना आहे तो! कोण घालणार आहे त्याला? चारला ऑफिस बंद होतं. दोन वाजले.”

सहदेवने शिवला. नुसता शिवला नाही, हुशारी केली. डाव्या पट्ट्याची वरची टीप अशी तिरकी घेतली की टेबलावर ठेवला तर दोन्ही पट्टे सारखे दिसावेत. ऑफिसातल्या लोकांनी तो टेबलावरच ठेवला. उचलून पाठीला लावावा असं त्यांच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही. सुतळी, शिसं, लाख, सही.

दीड वर्षाने ऑर्डर आली तेव्हा सहदेव ते विसरून गेला होता. विसरला नसता तरी काय? चुकीचं एकदा शिवलं म्हणून माणूस अठराशेदा शिवतो का? त्याने दोन्ही पट्टे तीस इंच धरले. चौदा मशीन महिनाभर धडधडत होती. त्यातला एक पिठ्ठू त्याने दहा किलो चिंध्या भरून पाठीला लावला आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकाला चालून बघितलं. पट्टे खांद्यांवर असे बसले की जणू खांदे आधी आणि पट्टे मग, अशा क्रमाने कोणीतरी विचार केला होता.

कलम २१. तपासणी ठेकेदाराच्या जागेत होईल.

तपासनीस आले. अनंत टिपणीस. चाळिशी, इस्त्रीचा शर्ट, खिशात स्टीलची पट्टी. त्यांच्या खांद्यावर आजवर शबनम पिशवीपलीकडे वजन गेलेलं नव्हतं, आणि त्या पिशवीत डबा असायचा. बरोबर आणलेला मोहरबंद नमुना त्यांनी पांढऱ्या फडक्यातून बारशाचं मूल काढतात तसा काढला. लॉटमधून वीस पिठ्ठू वेगळे केले. मोजत गेले. थैली ठीक. टाके ठीक. बकल ठीक. उजवा पट्टा ठीक.

मग थांबले. पुन्हा मोजलं. चष्मा पुसला.

“डावा पट्टा अडीच इंच जास्त आहे.”

“जास्त नाही साहेब,” सहदेव म्हणाला. “उजव्याएवढा आहे.”

“उजव्याशी त्याचा संबंध नाही. तुमचा उजवा नमुन्याच्या उजव्याशी जुळतो. तुमचा डावा नमुन्याच्या डाव्याशी जुळत नाही.”

“पण नमुन्याचाच डावा त्याच्या उजव्याशी जुळत नाही.”

“ते कुठे विचारलंय?”

“साहेब, माणसाचे दोन खांदे—”

“मास्तर, कलमांत खांद्यांचा उल्लेख नाही.”

हे ते चिडून म्हणाले नाहीत. चिडले असते तर सहदेवला त्यांच्याबद्दल थोडा आदर वाटला असता. ते पावसापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले.

सहदेवने एक पिठ्ठू घेतला, डावा पट्टा अडीच इंच दुमडून त्याला टाचण्या मारल्या, आत चिंध्या भरल्या, पाठीला लावला आणि साहेबांपुढे उभा राहिला. पिठ्ठू डावीकडे कलंडला. पट्टा काखेत रुतला.

“हे बघा. असं वीस मैल चालायचंय. मी चालणार आहे, साहेब. मी ह्याच पलटणीत आहे.”

टिपणीसांनी बघितलं. घड्याळाकडे.

मग सहदेवने ते सांगितलं. मे महिना, पट्टी कमी पडली, तिरकी टीप. रतनशेठचा चेहरा चुना फासल्यासारखा झाला. चौदा मशीन एकेक करत बंद पडली.

“असं होय,” टिपणीस म्हणाले. “मग सोपं आहे. हे लेखी द्या. नमुना सदोष होता असं ठेकेदाराच्याच माणसाने लिहून दिलं की नमुना रद्द. नमुना रद्द म्हणजे टेंडर रद्द. दोनतीन वर्षांत नवीन निघेल.”

“आणि हा माल?”

“कसला माल? टेंडरच नाही तर माल कुठून आला?”

“आणि पलटण?”

“सध्या काय वापरता?”

“फाटके.”

“मग आहेत की,” टिपणीस म्हणाले आणि पट्टी खिशात ठेवली.

तपासणी अहवाल
थैली : ठीक
टाके : ठीक
बकल : ठीक
उजवा पट्टा : ठीक
डावा पट्टा : नमुन्याशी जुळत नाही
निर्णय : नापसंत
मुदत : पंधरा दिवस
शेरा : कारागिराने नमुन्याबाहेर जाऊन स्वतःच्या मताने काम केले आहे, तरी ठेकेदारास समज द्यावी.

रतनशेठने समज दिली. ती इथे लिहिण्यासारखी नाही. शेवट असा होता : “पंधरा दिवसांत डावा आखूड झाला पाहिजे. नाहीतर ह्या शेडला मी कुलूप घालतो आणि तू तुझ्या पलटणीला सांग की आता मी बेकार आहे, मला काढून टाका. सतराशे ऐंशी लोकांच्या काखा वाचवायला निघालाय!”

“अठराशे, शेठ.”

“वीस त्याने तपासायला वेगळे काढले ना रे!”

घरी मालन खाली बसून मुलीच्या शाळेच्या झग्याची दुमड उसवत होती. वनमाला सातवीत, उंची ताडासारखी वाढत होती. मालनने सगळं ऐकून घेतलं. हात थांबला नाही.

“तुका कोणी सांगितल्यान होता शहाणपण करूक?”

“खोटं शिवलं होतं ते मीच ना गं.”

“मगे? एकदा खोटा शिवलंस तेव्हा गप रवलंस, आता खरा शिवतंस आणि बोंबलतंस. चौदा माणसांका घरी बसवतलस? गिरणी बंद पडली तेव्हा घरी बसलेलो घो मी बघितलाय. सकाळचो चाय, दुपारचो चाय, भिंतीकडे बघान बसायचा. माका परत नको तो.”

“म्हणजे कापू? अठराशे पट्टे? आणि दशरथला काय सांगू?”

“कापू नको मेल्या. कापलेला परत जोडूक येता काय?” तिने झगा झटकला. खालची दुमड सुटून चार बोटं नवं, गडद निळं कापड बाहेर आलं. बाकीचा झगा धुऊन धुऊन विटलेला. “वाढत्या अंगाचा शिवतत ना पोरांचा? तसा—”

पुढे काय म्हणाली ते सहदेवने ऐकलं नाही. तो त्या चार बोटांच्या गडद पट्ट्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये त्याने चौदा जणांना दाखवलं. डावा पट्टा कापायचा नाही. वरच्या टोकाला अडीच इंच आत दुमडायचा, थैलीच्या शिवणीत दडवायचा आणि त्यावर कच्ची टीप मारायची, एका दोऱ्याची, झग्याच्या दुमडीला मारतात तशी. बाहेरून मोजलं तर साडेसत्तावीस. आणि दोऱ्याचं टोक अर्धा इंच बाहेर सोडायचं. हिरव्यावर हिरवं. ज्याला ठाऊक त्यालाच दिसेल.

“मास्तर, ओढलं की?”

“ओढलं की तीस.”

“झकास,” मशीनवरची शांताबाई म्हणाली. “सरकारला बाळंतविडा शिवतोय आपण.”

टिपणीस पुन्हा आले. फडकं, नमुना, पट्टी. सहदेव बाजूला उभा होता. त्याला खरोखर भीती वाटत होती की हा माणूस पट्टा हातात घेईल आणि त्याला वरची जाडी लागेल. टिपणीसांनी पट्टा हातात घेतला. जाडी लागली असणारच. पण जाडीचं कलम नव्हतं.

“साडेसत्तावीस. बघा, जमलं की नाही? मास्तर, हातात कला आहे तुमच्या. फक्त ती खाज सोडा.”

“सोडली, साहेब.”

निर्णय : पसंत.

त्या शब्दावर ठसा उमटला तेव्हा सहदेवला वाटलं होतं की आपल्याला आनंद होईल. झाला नाही. ज्याला फसवायला इतकं कमी लागतं त्याच्यापुढे आपण पंधरा दिवस थरथरत होतो, याची त्याला शिसारी आली. थोडी त्याची, बरीचशी स्वतःची.

शिबिर. मार्च सत्त्याऐंशी. घाटावर.

नवे पिठ्ठू वाटले गेले. कॅनव्हासचा वास घेत एकेकजण लहान पोरासारखा खूश. सुभेदार राजाराम, ज्यांनी जुन्या पिठ्ठूला गुपचूप दाभण मारत बारा वर्षं काढली होती, त्यांनी आपला पिठ्ठू दोनदा फुंकर मारून घेतला.

सकाळी सहाला चाल सुरू झाली. आठपर्यंत सगळी कंपनी डावीकडे झुकून चालत होती.

“अरे कुठल्या आंधळ्याने शिवलाय रे हा!” दशरथने काखेत अंगठा घातला. “ठेकेदार भेटला पाहिजे, दुधाच्या कॅनमध्ये बुडवतो साल्याला.”

“मी शिवलाय.”

“तू?”

“डाव्या पट्ट्याच्या वर बघ. शिवणीत. दोऱ्याचं टोक आहे. ओढ.”

दशरथने ओढलं. टरटर करत टीप उसवली, पट्टा सुटला, पिठ्ठू सरळ झाला. दशरथने चालता चालता दोन्ही खांदे हलवून बघितले.

“सहदेवा,” मग म्हणाला, “तू हलकट आहेस.”

तळावर पोचेपर्यंत एकशे बारा जणांनी दोरे ओढले होते. राहिले फक्त सुभेदार, कारण त्यांना सांगायचं कोणाला धैर्य झालं नाही. ते डाव्या काखेत रुमाल कोंबून चालत राहिले.

तिसऱ्या दिवशी वरून साहेब आले. नव्या सामानाची पाहणी. त्यांच्या हातात कागद होता. कागदावर उजवा तीस, डावा साडेसत्तावीस असं टाइप केलेलं होतं, कारण नमुना मोजून कोणीतरी तो आकडा आता कागदावरही चढवला होता. मे महिन्यात कमी पडलेली पट्टी आता नियम झाली होती.

साहेबांनी पहिला पिठ्ठू मोजला. दुसरा. दहावा. चेहरा लाल होत गेला.

“सरकारी मालाची मोडतोड! सगळ्या कंपनीने! कोणाची ही अक्कल?”

सहदेव पुढे आला. दुसरा कोणी येणार होता?

शिक्षा झाली ती पलटणीत नेहमी होते तीच. पिठ्ठूत रेती भरायची, पाठीला लावायचा, मैदानाला वीस फेऱ्या, पळत. आणि साहेबांचा हुकूम : पुढच्या पाहणीआधी सगळे डावे पट्टे नमुन्याप्रमाणे झाले पाहिजेत. “तू शिंपी आहेस ना? तूच शिव.” मग साहेब जेवायला गेले.

दुपारचे दोन. सुभेदार राजाराम झाडाखाली उभे राहून फेऱ्या मोजत होते. सहदेव पळत होता. पाठीवर वीस किलो रेती, पायाखाली तापलेली माती. पाचव्या फेरीला त्याला दम लागला. दहाव्या फेरीला पाय दगड झाले. पण पिठ्ठू हलला नाही. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. बेटा नुसता पाठीला चिकटून बसला होता. पंधराव्या फेरीला सहदेवला हसू यायला लागलं. टिपणीस, तो आधी जेवायला गेलेला कारकून, आता जेवायला गेलेले साहेब, ह्या सगळ्यांनी मिळून एवढ्या वर्षांत एकदाही पाठीला न लावलेली वस्तू त्याच्या पाठीवर होती आणि ती बरोबर होती. हे कुठल्याही कागदावर येणार नव्हतं. न येऊ दे. कागदाची लायकी काय आहे ते त्याने जवळून बघितलं होतं.

विसावी फेरी संपली. तो सुभेदारांसमोर येऊन उभा राहिला, घामाने निथळत.

“खांदा दुखतोय?” सुभेदारांनी विचारलं.

“नाही, सुभेदारसाहेब.”

“पाय?”

“पाय मेले.”

“पायांचं राहू दे.” सुभेदारांनी इकडेतिकडे बघितलं. मग आपला पिठ्ठू उचलून त्याच्यापुढे धरला. त्यांच्या डाव्या काखेत कातडं सोलून लाल झालं होतं. “माझा कुठला दोरा?”

सहदेवने दाखवला. सुभेदारांनी तो स्वतः ओढला, सावकाश, बोटाने चाचपत.

संध्याकाळी तंबूबाहेर सहदेव सुई घेऊन बसला. हुकूम होता : नमुन्याप्रमाणे. पुढे एकशे तेरा पिठ्ठूंचा ढीग, रांगेत सगळी कंपनी, प्रत्येकाच्या हातात चहाचा मग. दशरथ सुईत दोरा ओवून देत होता.

“साहेब परत कधी येणार?” कोणीतरी विचारलं.

“गुरुवारी सकाळी. चाल आहे दुपारी.”

“म्हणजे सकाळी आखूड, दुपारी लांब.”

“आणि संध्याकाळी परत मी,” सहदेव म्हणाला. “पुढच्या वर्षी पण मीच. नवीन टेंडर निघालंय म्हणतात, चार हजार नगांचं. नमुना तोच.”

“वाट लागली,” दशरथ म्हणाला.

रांगेत सगळ्यात पुढे सुभेदार राजाराम बसले होते. सहदेवने त्यांचा पट्टा अडीच इंच आत दुमडला, कच्ची टीप मारत आणली आणि शेवटाला थांबला.

“सुभेदारसाहेब, दोरा किती ठेवू बाहेर?”

सुभेदारांनी आपल्या जाड, फुटक्या नखाच्या अंगठ्याकडे बघितलं.

“ह्याला सापडेल एवढा ठेव.”